शैला गाडीच्या मागे उभी असायची

आमच्या वडूजच्या गल्लीत कुणाचीही गाडी मागे यायला लागली की शैला घरातून धावत बाहेर यायची. हाताला पीठ असो की केसांना ओला टॉवेल गुंडाळलेला असो, ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवायची. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... वाईच उजवीकडं... बास, बास, बास!" शेवटी गाडीच्या पाठीवर दोन थापा. गाडी ओळखीची असलीच पाहिजे असे काही नव्हते. वाट चुकून आत शिरलेला टेम्पोवालासुद्धा तिचे ऐकायचा आणि जाताना हात वर करायचा. तिला स्वतःला सायकलही येत नव्हती.

शैला माझी धाकटी जाऊ. तिच्या लग्नात वऱ्हाडाची बस मागे येता येता मांडवाच्या खांबाला लागणार होती. मुंडावळ्या बांधलेली नवरी उठली, शालू सावरत बसच्या मागे गेली आणि ओरडली, "थांबवा वो, मांडव पडंल माझा!" खांब वाचला. सगळा मांडव हसला. सर्वांत मोठ्याने हसले ते आप्पा, आमचे सासरे. त्याच दिवसापासून ती त्यांची 'शैले' झाली. मी त्या घरात तिच्या कितीतरी वर्षे आधी आले. मला ते 'सूनबाई' म्हणतात आणि 'तुमी' म्हणतात. हा मान आहे, असे माझे पती सांगतात. मान ज्याला मिळतो त्याला विचारावे तो कसा लागतो.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या खणात, हे मला न बघता सांगता येते. सुट्टीला वडूजला जाताना आप्पांची औषधे, चष्म्याची नवी काडी, जीपचे फिल्टर, सगळे यादीप्रमाणे माझ्या पिशवीत असायचे. पिशवी रिकामी झाली की आप्पा म्हणायचे, "लय उपकार झालं, सूनबाई. शैली कुठाय?"

आप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली. माण तालुक्याच्या ओढ्यानाल्यांतून, दगडधोंड्यांतून ती जिथे जायची तिथे बैलगाडीही जात नसे. ती बाहेर काढण्यापूर्वी दिवे तपासायचा त्यांचा लष्करी शिरस्ता होता. आप्पा आत बसून बटण दाबणार, मागे उभ्या असलेल्या माणसाने दिवा लागतो की नाही ते सांगायचे. हे मागचे काम शैलाचे. इंडिकेटर लुकलुकला की ती त्याच्या तालावर म्हणायची, "आला... गेला... आला... गेला..." जणू झोक्यावर कुणाला झुलवते आहे. मी ओट्यावर उभी राहून ऐकायची. मला गाडी चालवता येते. मला दिवा लागलेला कळतो. पण मला कुणी हाक मारली नाही.

एका दसऱ्याला आप्पांनी आणि शैलाने मिळून जीप रंगवली. दिवे खोलून, सगळ्या पत्र्याला ब्रशने हिरव्या ऑइलपेंटचे दोन जाड हात. झेंडूचा हार घातल्यावर जीप खरोखर देखणी दिसत होती. मी तसे म्हटलेही. शैलाच्या नाकाला रंग लागला होता आणि आप्पा तो स्वतःच्या रुमालाने पुसत होते.

दसरा झाला आणि इंडिकेटर बिघडले. बटण दाबले की पुढचे नीट लुकलुकायचे, मागचे मात्र कधी मिणमिणायचे, कधी अजिबात नाही. ब्रेक दाबला की उरलीसुरली धुगधुगीही जायची. त्यात जीपचे आरटीओ पासिंग आलेले. पासिंग झाले नाही तर ती भंगारात घालायची, असे शैलाच्या नवऱ्याने बजावले होते. आप्पांचे जेवण कमी झाले. गावातल्या इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलले, दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. मग आप्पा आत बसले, शैला मागे उभी राहिली.

"शैले, बघ गं!"

"आला... गेला... आला... गेला... झ्याक हाय आप्पा!"

मी आणि आप्पा जीप घेऊन साताऱ्याला गेलो. तपासणाऱ्या साहेबांनी मागे जाऊन पाहिले आणि म्हणाले, "आजोबा, मागं तर अंधार आहे." दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणाले. परतीच्या वाटेवर आप्पा माझ्याकडे न बघता बोलले, "हितं लागला नसंल. घरी लागत हुता. शैलीनं बघितलाय." 

ते वाक्य मला जेवढे झोंबले तेवढे आजवर काहीच झोंबले नाही.

घरी येताच मी शैलाला परसदारी गाठले. "दिवा लागत नव्हता ना? मग लागला का म्हणालीस?"

"लागत हुता की वाईच."

"शैला."

तिने पदराने हात पुसले. "अक्का, तुमी दिवा बघता. म्या आरशात बघते. मागं उभं ऱ्हायलं की बाजूच्या आरशात आप्पांचं तोंड दिसतंय. त्या दिवशी दिसलं आन् न्हाई म्हणवंना बघा."

"आणि पासिंग?"

"तुमी हायसा की," ती म्हणाली, आणि हसून भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी दिव्यांच्या कामाला लागले. कागदावर क्रम लिहिला: बल्ब, फ्यूज, फ्लॅशर, बटण, वायर, अर्थिंग. एकेक तपासून खोडत गेले. दोन वायरी लावलेला तपासणीचा बल्ब घेऊन मागपर्यंत गेले, वीज दिव्यापर्यंत नीट पोचत होती. म्हणजे ती परत जात नव्हती. या जीपला परतीची वायर नाही. दिव्याचा पत्रा गाडीच्या पत्र्याला टेकतो, तीच परतीची वाट. आणि दोन्ही पत्र्यांच्या मध्ये दसऱ्याच्या रंगाचे ते दोन जाड हात बसले होते.

मी दोन्ही दिवे खोलले आणि त्यांच्या बैठकीखालचा रंग खरवडायला घेतला. पॉलिश पेपरने सुरुवात केली, पण स्क्रू ड्रायव्हरने जास्त बरे वाटले. हिरवे कपटे माझ्या चपलांवर पडत होते. आप्पा ओट्यावरून बघत होते. "वाईच जपून, सूनबाई. पोरीनं लय मनानं रंगवलंय." मी जपून खरवडले. गरजेपेक्षा थोडे जास्तच.

दिवे बसवले, स्क्रू आवळले, आप्पांना आत बसवले आणि मी मागे जाऊन उभी राहिले. आप्पांनी बटणाला हात लावला. मग खिडकीतून मान बाहेर काढून घराकडे हाक दिली, "शैले, ये गं मागं, दिवा बघायचाय!"

ती धावत आली. मी बाजूला सरकले. दिवे लख्ख पिवळे लुकलुकले आणि ती टाळ्या पिटत सुटली, "आला! गेला! आला! गेला!" पासिंग झाले. पेढे तिने वाटले. ज्याला त्याला ती सांगत होती, "आमच्या अक्कांनी केलं बरं का, मेकॅनिकला जमलं न्हाई ते!" तिच्यावर धड रागावताही यायचे नाही, हा तिचा आणखी एक छळ.

गेल्या वर्षी साध्या तापाचे निमित्त झाले, न्यूमोनिया झाला आणि शैला गेली. अंत्ययात्रेला गल्लीत गाड्यांची इतकी दाटी झाली की कुणाला मागे येता येईना. जो तो खिडकीतून मान काढून मागे बघत होता.

आप्पा आता जीप रस्त्यावर नेत नाहीत. अंगणातच सुरू करतात, दिवे लावतात, बंद करतात. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा ते जीपमध्ये बसले होते. खूप वेळ बटणाला हात लावला नाही. मग म्हणाले, "सूनबाई, तुमी बघता का मागं?"

मी गेले. इतकी वर्षे मला तिथे उभे राहायचे होते. डावा दिवा लागला. अगदी नीट, काहीच दोष नव्हता. मी 'डावा चालू' म्हणणार होते, तोच बाजूच्या आरशात आप्पा दिसले. शैला म्हणाली होती ते तोंड. ते माझ्याकडे बघत नव्हते, ते कान देऊन बसले होते.

"आला," मी म्हणाले. "गेला... आला... गेला..." 

मला तिचा ताल जमत नव्हता, पण मी म्हणत राहिले. दिवा माझ्या हातावर पिवळा पडत होता आणि विझत होता.

आप्पांनी बटण बंद केले. मग त्यांनी मान बाहेर काढली आणि विचारले, "खरं सांगताय न्हवं, सूनबाई?"

शैलाला हे त्यांनी कधीच विचारले नव्हते.