टपाची उंची

कोंडीराम सातपुते दूध मोजून घेत आणि दूधवाला वळला की पुन्हा एकदा मोजत. छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस. तिथे एक वाईट तुकडा नजरेतून सुटला तर माणूस जातो, हे मान्य. पण म्हणून घरी आलेला नारळसुद्धा आरोपीसारखा उलटसुलट बघायचा म्हणजे अतीच.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी व्हॅन घेतली. बायकोला घेऊन थेट कन्याकुमारीपर्यंत जायचं, मुक्काम गाडीतच. पण सुशीलाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, वाकायला डॉक्टरांची मनाई. "आत ताठ उभं राहता आलं तर येईन, नाहीतर तुम्ही जाऊन या," असं त्यांनी एकदाच सांगितलं. म्हणजे टप वर उचलला जाणारा हवा. कापडी भिंतींचा टप मिळत होता. सातपुत्यांनी तो बघायच्या आधीच नापास केला. कापड म्हणजे कुणीही ब्लेड मारावं आणि आत हात घालावा! भिंती पत्र्याच्याच हव्यात. टप वर गेला की उभ्या राहायच्या, खाली आला की घडी होऊन आत निजायच्या.

विश्रांतवाडीला टेम्पोच्या बॉड्या बांधणाऱ्या मकसूदभाईंनी हे काम पत्करलं. ते कशालाच नाही म्हणाले नाहीत, म्हणून सातपुत्यांना त्यांचा पहिल्याच दिवशी संशय आला.

कारखान्यात ते चांगल्या मालात मुद्दाम एक खोटा तुकडा सरकवत, तपासणारा जागा आहे की नाही बघायला. इथेही त्यांनी तेच केलं. मापाच्या कागदावर उंची चार इंच कमी लिहिली आणि खरा आकडा आपल्या डायरीत ठेवला. बिचाऱ्या मकसूदभाईंचा यात काय गुन्हा, हे विचारायचं नाही.

आठवड्याने वेगळाच प्रकार सुरू झाला. सुशीलाबाई भाजीला म्हणून गेल्या, दीड तासाने रिकाम्या पिशवीनिशी परतल्या, आणि साडीच्या काठाला लोखंडाला लावतात त्या तांबड्या रंगाचा डाग. हा रंग सातपुत्यांनी एकाच ठिकाणी पाहिला होता. बायको आणि मकसूद मिळून आपल्यापासून काहीतरी लपवताहेत! रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी ते न कळवता वर्कशॉपमध्ये थडकले. टेप लावली. भिंतीच्या पत्र्यावरची पेन्सिलीची रेघ कागदापेक्षा सहा इंच वर होती. चार असती तर समजलं असतं. सहा?

"मकसूदभाई, हे माप कुणाच्या परवानगीनं?"

"कागद मला पटला नाही, साहेब. तुमच्यासारखा माणूस इतकं कमी लिहील होय? म्हणून वहिनींनाच बोलावलं. साहेबांना सांगू नका, म्हणाल्या."

सातपुते खुलले. "अहो, ती चूक मीच घातली होती! पास झालात तुम्ही. खरा आकडा हा." त्यांनी डायरी पुढे केली.

मकसूदभाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हाही दोन इंच कमीच आहे."

"शक्यच नाही. आम्ही दोघं एका उंचीचे. अडतीस वर्षं शेजारी उभी राहतेय ती माझ्या."

"तुमच्या शेजारी, हो." मकसूदभाईंनी दाराच्या चौकटीवरच्या दोन रेघा दाखवल्या. "पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा तुमच्याएवढ्याच भरल्या. मी म्हटलं, वहिनी, ताठ उभ्या राहा, इथं साहेब नाहीत. तेव्हा ही वरची रेघ आली."

सातपुते चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि डोक्यावर तळहात ठेवला. हात खालच्या रेघेवर पडला. लग्नातल्या फोटोत ती मान खाली घालून का उभी आहे, हे आपण लाजणं समजत आलो. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. आयुष्यात न मोजता पास केलेली ती एकच गोष्ट होती.

पंधरा दिवसांनी गाडी दारात आली. टप उचलला, भिंती उभ्या केल्या. सुशीलाबाई आत चढल्या आणि नवऱ्याला मागून येताना पाहून सवयीने त्यांची मान खाली गेली, खांदे पडले.

सातपुत्यांनी खिशातली टेप बाहेर काढली नाही.

"ताठ उभी राहा गं," ते म्हणाले. "जागा आहे."