मागे राहिलेली कडी

मतदानाची घंटा थांबली की सभागृहाची दोन्ही दारं आतून बंद होत, आणि डाव्या दाराला कडी घालायचे ते आपले कडीकाका. खरं नाव होतं की त्यांना, पण ते पगारापुरतं. बाकी आमदारांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना कडीकाकाच म्हणत, आणि काकांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी नावाने हाक मारली तर ते दचकत, काही चुकलं की काय म्हणून.

नियम साधा. घंटा वाजते आहे तोवर या, पळत या, धापा टाकत या. घंटा थांबली की बाहेरचा बाहेर आणि आतला आत. मतं मोजून होईपर्यंत दार उघडायचं नाही, मग बाहेर कोणी का डोकं आपटेना. उजव्या दाराला काकांचा जोडीदार असायचा, सगळे त्याला मिशीवाला म्हणत. दोघांच्या पितळी कड्या एकाच वेळी पडत. खट्, एकच आवाज. त्यांनी एकमेकांना कधी खूण केली नाही की डोळा मारला नाही, अंगवळणी पडलेलं काम ते. पत्रकारांच्या गॅलरीत नवा कोणी आला की जुने त्याला सांगत, आता ऐक हं, दारं दोन आहेत.

एकदा तर काकांनी एका मंत्र्याच्या नाकावर दार लावलं होतं. बाहेर चहा पीत गप्पा छाटत बसला होता बेटा. उंबऱ्यापाशी पोचला आणि दार मिटलं. नंतर त्याने काय थयथयाट केला! "तुला बघून घेतो," म्हणाला. काका म्हणाले, "बघा साहेब, इथेच असतो मी." पुढच्या निवडणुकीत मंत्री पडला, काका दाराशीच राहिले.

ही गोष्ट काकांपेक्षा त्यांच्या लेकीनेच जास्त लोकांना सांगितली असेल. एकुलती एक. लहानपणी बाहुल्यांना टाचणीने इंजेक्शनं टोचायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं सिस्टरबाई. पुढे खरंच नर्स झाली, सरकारी दवाखान्यात, पण कंत्राटावर. मुदत संपत आली की सगळं घर दिवस मोजायला लागायचं. कामाला मात्र वाघीण. भेटीची वेळ संपली की वॉर्डातून नातेवाइकांना बाहेर काढणं हे काम कोणालाच नको असायचं. लोक गयावया करतात, भांडतात, ओळखी सांगतात. ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "माझ्या बाबांनी मंत्र्यालासुद्धा दार उघडलं नाही. तुम्ही कोण लागून गेलात?" लोक हसत आणि मुकाट बाहेर जात.

त्या वर्षी तिचं घोडं एकदाचं गंगेत न्हायचं होतं. कायम नोकरीच्या परीक्षेत ती पास झाली, निवड झाली, येत्या सोमवारी खुद्द आरोग्यमंत्र्यांच्या हातून नेमणुका मिळणार होत्या. आणि नेमकी त्याच आठवड्यात सरकारला धाड भरली. सत्ताधाऱ्यांतलेच काही जण रुसले, बॅगा भरून कुठल्याशा हॉटेलात जाऊन बसले, फोन बंद. विरोधक ओरडायला लागले की ही भरतीच खोटी आहे, आम्ही आलो की पहिल्या दिवशी रद्द करू. लेकीचं वय काठावर आलेलं. पुन्हा भरती निघेल तेव्हा ती वयात बसणार नव्हती. म्हणजे सरकार टिकलं तर सिस्टरबाई कायम, पडलं तर सगळं मुसळ केरात.

काकांनी उभ्या आयुष्यात सरकारची काळजी केली नव्हती. खुर्चीवर कोणी का बसेना, आपला कडीशी संबंध. आता मात्र ते जेवताना बोटांवर आमदार मोजू लागले. बायको म्हणाली, "अहो, ताटात बघा जरा. आमदार काय आमटीत पडलेत?" काका हसले नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, व्हायचं ते होईल. तुम्ही नका जीव जाळू." पण तिने नव्या गणवेशाला कालच बटणं लावलेली त्यांनी पाहिली होती.

सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान होतं त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. रुसलेले आले, बसचे पडदे लावून आणलेले आले, सलाइन काढून आलेला एक जण चाकाच्या खुर्चीतून आला. घंटा वाजू लागली आणि काकांनी सवयीने बाकांवरून नजर फिरवली. एकच जागा रिकामी. दमेकरी साहेब.

हे साहेब सत्ताधाऱ्यांचेच. जिथे जातील तिथे उशिरा पोचायचे. दम्याने हैराण, दारातल्या खांबाला धरून श्वास घ्यायचे आणि तेवढ्यात काकांना विचारायचे, "सिस्टरबाई काय म्हणतेय?" इतक्या आमदारांत लेकीची चौकशी करणारा हा एकटाच. काकांचा जीव होता त्यांच्यावर.

सत्ताधारी माना वळवून दाराकडे बघत होते. मुख्यमंत्री कपाळ पुसत होते. काकांनी फटीतून बाहेर पाहिलं. लांबलचक व्हरांडा, आणि त्याच्या पार टोकाला साहेब, भिंतीला हात टेकत, तोंड उघडं टाकून येताहेत. या हो, या, काका मनातल्या मनात ओरडत होते. पाय उचला! साहेब उंबऱ्यापासून चार पावलांवर आले.

घंटा थांबली.

मिशीवाल्याची कडी पडली. खट्. काकांचा हात कडीवरच राहिला. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत असतं आणि अध्यक्ष सरकारचेच आहेत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या घटकेला आकडे सुचले नाहीत, लेक सुचली. गणवेशाची बटणं सुचली. दाराच्या फटीतून साहेब अंग चोरून आत आले, काकांच्या बाहीला धरून क्षणभर उभे राहिले आणि पुढे गेले. मग काकांची कडी पडली. खट्.

गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मिशीवाल्याने मान वळवून पाहिलं.

अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूच्यांना उभं राहायला सांगितलं. सरकारचे उभे राहिले. दमेकरी साहेब बसूनच. दम लागला असेल, काकांना वाटलं, उठतील आता. कोणीतरी हात द्या रे त्यांना. मोजणी झाली, ते बसले, विरोधातल्यांना उभं राहायला सांगितलं. आणि साहेब उठले. कोणाच्या आधाराशिवाय, ताठ.

एका मताने सरकार पडलं.

काकांना कडी कशी काढली ते आठवत नव्हतं. दारातून लोंढा बाहेर पडत होता, ओरडा, गुलाल, मिठ्या. साहेब खास त्यांच्यापाशी थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "काका, उपकार विसरणार नाही. मी आत पोचलो नसतो तर बरोबरी झाली असती आणि अध्यक्षांनी तारलं असतं त्यांना." त्या दिवशी त्यांनी सिस्टरबाईची चौकशी केली नाही.

मिशीवाला टोपी काढून भिंतीशी उभा होता. काकांकडे न बघता म्हणाला, "आधीच ठरलं होतं का रे तुमचं?"

"अरे, नाही! मला वाटलं..." काका बोलायला गेले, पण काय वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. ज्याने अर्धं आयुष्य आपल्या कडीबरोबर कडी टाकली, त्याचा आपल्यावर विश्वास राहिला नाही, हे त्यांना फार लागलं. पण त्याची तरी काय चूक? काकांनी दार उघडं ठेवलंच होतं.

घरी बातमी आधीच पोचली होती. बायकोने पदर तोंडाला लावलेला. लेकीचे डोळे लाल होते, पण तिने बापाला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. "बाबा, असे काय बसलात? मी करीन कंत्राटावर, मरत नाही काही. आणि तुम्ही काय करणार होतात? सरकार पाडणं किंवा तारणं तुमच्या हातात होतं का?"

हे काकांना सोसवलं नाही.

"होतं गं," ते म्हणाले. "दार मी उशिरा लावलं. घंटा थांबली होती. तो आपला म्हणून मी थांबलो, आणि त्यानेच पाडलं."

लेक बघतच राहिली. "तुम्ही? दार उघडं ठेवलंत?"

"तुझ्यासाठी."

"मी म्हटलं होतं तुम्हाला?"

बायको मध्ये पडली, "अगं, बापाचं काळीज आहे ते, जाऊ दे." पण लेकीने ऐकलं नाही. नोकरी गेल्याची बातमी आली तेव्हा ती एवढी रडली नव्हती. डोळे पुसत पुसत ती म्हणाली, "आणि उद्या भेटीची वेळ संपली की वॉर्डातल्या लोकांना मी काय सांगून बाहेर काढू, बाबा?"

पाण्याचा पेला काकांच्या हातात तसाच होता.