बुवांच्या तोडीचा अंतरा

गाणाऱ्यांत ऊठबस असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या अमरावतीच्या मंडळींत तर निम्मेअधिक किस्से सदूबुवांच्या संशयी स्वभावातून निघाले. मी त्यांचा तबलजी, म्हणजे संशयितांत पहिला!

*

बुवांकडे त्यांच्या गुरूंनी दिलेली तोडी रागाची एक चीज होती. तिचा पहिला भाग, म्हणजे अस्थायी, ते मोकळेपणानं गात. पुढचा अंतरा आला की नेमका घसा बसायचा. समोर कुणी वही काढली, तर उरलेली तोडी भिंतीकडे तोंड करून!

*

एकदा मी नोकरीच्या जागी, कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, टेबलावर ताल धरून बसलो होतो. बुवा दारात उभे. "बोटं कावून हालवून राहिला?" मी कारकुनांना अंतऱ्याचं वजन दाखवतोय, असा संशय! पुढं महिनाभर अबोला. आता तबलजीनं बोटं हलवायची नाहीत तर काय करायचं?

*

एकोणीसशे साठच्या सुमाराला अकोल्याचे एक वकील मैफलीला टेपरेकॉर्डर घेऊन आले. बुवांनी तो बाहेर टांग्यात ठेवायला लावला. दोन आलाप घेतले आणि थांबले. "टांगेवाल्याले आत बोलवा. तो एकटा त्या मशीनपाशी काय करून राहिला?"

टांगेवाला आत आला, पुढ्यात बसला आणि लगेच पेंगायला लागला. त्या दिवशी बुवा फार सुरेख गायले.

*

बुवा गेले. वर्षश्राद्धाच्या सुमाराला त्यांच्या मुलानं, वसंतानं, अकोल्यात त्यांच्या स्मरणार्थ मैफल ठरवली. रविवारी सकाळी. हँडबिलंही वाटली: बुवांची तोडी, अंतऱ्यासह!

बुवांचे चार शिष्य घरी जमले. प्रत्येकानं वसंताला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की खरा अंतरा बुवांनी फक्त मला दिलाय. मग गाऊन दाखवायला लावलं, तर चौघांचे चार! शब्द वेगळे, चाल वेगळी. बाहेर कुठं ऐकू आला तर कुणी फोडला ते कळावं, म्हणून बुवांनी प्रत्येकाला निराळा दिला होता. चौघांचा चहा तसाच निवला.

वसंताचा चेहरा मात्र उतरला. त्याच्याजवळचा पाचवाच होता.

*

मैफलीच्या सकाळी स्टेजमागच्या खोलीत वसंतानं तो पाचवा अंतरा आईला म्हणून दाखवला. आम्ही सगळे तिला माय म्हणत असू. बुवांचं तीस वर्षांचं गाणं तिनं सैपाकघरातूनच ऐकलेलं.

"माय, खरं सांग. बाबानं मलेही खोटाच देला काय? त्यायचा माह्यावर भरोसा नसंन, तर मी आज गात नाही."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "शंकर, तू जरा बाहेर जा."

मी गेलो. पाच मिनिटांत वसंता डोळे पुसत आला आणि बसला तो असा गायला की काय सांगू! अंतरा तोच पाचवा, लोकांकडे तोंड करून, पूर्ण घशानं. मला ठेका धरणं कठीण झालं. चौघे शिष्यही मान डोलवत होते.

स्टेशनला जाताना टांग्यात मी मायजवळ बसलो. म्हटलं, "म्हणजे बुवांनी खरा वसंतालाच दिला होता तर."

"मी तेच सांगतलं त्याले," माय म्हणाली.

टांगा हलला. माय बाहेर बघत हळूच गुणगुणायला लागली. तोडीच होती, अंतराही होता. पण पाचांतला एकही नव्हता.