लेंडी खराब होईल

वेशीत त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि कापसावर फवारायच्या पंपानं आमच्या अंगावर औषध मारलं. आधी मामांवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर. मग नवऱ्यावर. मग माझ्यावर. शेवटी आत्याबाईवर, माझ्या सासूवर. तिनं तोंड फिरवलं, तर पंपवाल्यानं नळीही तिच्या तोंडामागं फिरवली. हसत हसत. संडास धुवायला वापरतात तसल्या वासाचं होतं ते. जिथं पडलं तिथं कातडी चुरचुरत होती.

मग मेंढरांची पाळी आली. दीडशे मेंढरं आमच्या मागं दाटीनं उभी होती. पंपवाला तिकडं वळला, तसे खुर्चीवर बसलेले दादासाहेब बोलले.

"मेंढरावर नको मारू रे. लेंडी खराब होईल."

पंपवाल्यानं नळी खाली घेतली. मेंढरं कोरडी आत गेली. त्यांच्या मागनं आम्ही ओले. मामांनी दादासाहेबांना हात जोडले आणि म्हणाले, बरं केलं मालक, रोग गेला. नवराही हसला. मला औषधापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

आमचं गाव बोरीच्या पलीकडं, माळावर. रब्बी निघाली की आम्ही मेंढरं घेऊन गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काळ्या रानात उतरतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. मेंढरांभोवती जाळी लावायची, तिला आम्ही वाघर म्हणतो. रोज वाघर पुढं सरकवायची. मेंढरं बसतील तिथं खत पडतं. त्याच्या बदल्यात जवारी मिळते. दादासाहेबांना आठ एकरांत हळद लावायची होती. टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः मामांना फोन करून बोलावलं होतं. मेंढरं पाहिजे होती, माणसं नको होती. पण मेंढरं एकटी येत नाहीत.

हेच दादासाहेब गावच्या कोरोना मदत समितीचे अध्यक्ष. रोज सकाळी मंदिराच्या भोंग्यावर बोलायचे. एकमेकांना धरून राहा, ज्याला जमेल ते समितीला द्या. पुण्याहून परत आलेली माणसं शाळेत कोंडली होती. त्यांच्यासाठी आम्हीही कळपातल्या शेळ्यांच्या दुधाचा एक कॅन रोज द्यायला लागलो. कुणी मागितला नव्हता. आपणही या गावात काही देतोय, याचं मला तेव्हा बरं वाटायचं. कॅन बांधावरच्या दगडावर ठेवून मी वीस पावलं मागं सरकायचं, मग समितीचा माणूस काठी अडकवून तो उचलायचा. भोंग्यावर देणाऱ्यांची नावं घ्यायचे. आडनावासकट. आमचं शेवटी यायचं, "आणि मेंढरवाले".

दादासाहेबांचा पुतण्याही पुण्याहूनच आला. गाडीतनं आला, गाडीतनंच थेट वाड्यात गेला. त्याच्यासाठी ना पंप निघाला ना शाळेची खोली.

वेशीत औषध मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईचा डावा डोळा उघडेना. मी पाण्यानं धुतला, दुधाचा बोळा ठेवला. तिसऱ्या दिवशी बुबुळावर दुधावर साय धरावी तसं पांढरं धरलं. ती बाई कधी कण्हत नाही. घोडीच्या शिंगरानं लाथ मारून तिची बरगडी मोडली होती, तेव्हाही भाकरी थापत बसलेली. पण त्या दिवशी ती डोकं गुडघ्यात घालून घुमत होती. गंगाखेडला दवाखाना होता. रस्त्यावर पोलीस होते. समितीच्या चिठ्ठीशिवाय सोडत नव्हते. मी दहावी शिकलेली, म्हणून मीच बोलायला गेले. बांधावरून.

"डोळा जायलाय, दादासाहेब. गंगाखेडला न्यायचं हाय. चिठ्ठी द्या."

"किती रान बसलं?"

"दोन एकर."

"मंग सहा ऱ्हायलं की. रान पुरं होऊ दे, मंग देतो. म्हातारीला आता काय कशिदा काढायचाय?"

मागची माणसं हसली. मी परत आले. मामा म्हणाले, मोठी माणसं आहेत, त्यांच्या कलानं घ्यावं. मी घेतलं. तो एक दिवस मी गप्प बसले. बाकी सगळं त्यांचं पाप असेल, तो एक दिवस माझा आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मेंढरं अजून वाघरीतच होती. दादासाहेब कुण्या पाहुण्याला रान दाखवायला घेऊन आला. इथून पुढं मी त्याला अहो-जाहो लिहिणार नाही. तो खाली वाकला, मूठभर लेंड्या उचलल्या, चुरून नाकाला लावल्या, आणि पाहुण्यापुढं तळहात धरला. काय खत आहे बघा, म्हणाला. उघड्या हातानं. माझ्या दुधाच्या कॅनला ज्याच्या माणसांची काठी लागत होती, त्याचा तो हात होता.

माझ्या डोक्यात काही फार मोठं आलं नाही. एवढंच आलं, की आमच्या जनावराची घाण याला चालते, आम्ही चालत नाही. मी गेले आणि वाघरीची मेख उपटली. मग दुसरी उपटली.

तो मामांना म्हणाला, सुनेला आवर. मामा माझ्याकडं आले, म्हणाले, जवारी जाईल, पुढच्या साली रान मिळणार नाही. मी ऐकलं आणि तिसरी मेख काढली. मग बांधाकडं वळून बोलले.

"आमच्या अंगात रोग हाय म्हणून औषध मारलं ना? ही मेंढरं रोज आमच्या अंगाला लागून निजत्यात. त्यांच्यावर बी मारा. मंग बसवते."

त्यानं हातातला चुरा झटकला. नवरा दुसऱ्या टोकानं मेखा काढायला लागला. मामा बांधावर डोकं धरून बसले. जवारी गेली.

गाव आणि नदीच्या मधे एक दलित वस्ती आहे. तिथल्या बाया बचत गटाच्या नावानं भाकरी करून कारखान्यावर अडकलेल्या ऊसतोड्यांना पाठवत होत्या. त्यांच्या पिकअपला तहसीलचा पास होता, तो रोज गंगाखेडला जायचा. मी आत्याबाईला हात धरून तिथं नेलं. आणि इथं मला एक सांगायला पाहिजे. त्या वस्तीच्या हातपंपाचं पाणी आत्याबाई कधी प्यायली नव्हती. लग्नापासूनच्या सात वर्षांत मीही नाही. उन्हातान्हात तिथनं कोरड्या घशानं पुढं जायचो, पण प्यायचो नाही.

गटाची अध्यक्ष कमलबाई. तिला हे सगळं माहीत होतं. तिनं डोळा बघितला, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि आत्याबाईपुढं धरला.

"आधी पाणी पी. आमच्या हातचं चालंल का आता?"

आत्याबाईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण रिकामा केला. कमलबाई हसली नाही, गोडही बोलली नाही. मी मान खाली घालून उभी होते. वेशीत जे आमच्याबरोबर झालं, तेच आम्ही या बाईबरोबर वर्षानुवर्षं करत आलो होतो. आमच्या हातात पंप नव्हता, एवढाच फरक. मीही प्यायले. पाणी गोड होतं.

भाकरीच्या पाट्यांमधे बसून आत्याबाई गंगाखेडला गेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता. डोळा गेला.

त्या दिवसापासून दूध गटाला जायला लागलं. कमलबाई हातातनं हातात कॅन घ्यायची. मी आसपासच्या मेंढपाळांना फोन लावले. कुणावर पंप मारला होता, कुणाला विहिरीवरून हाकललं होतं. जो तो समजत होता की हे आपल्याच नशिबी आलंय. आठ दिवसांत त्या शिवारात एक मेंढरू राहिलं नाही.

दरसाल चैत्र लागला की त्याचा फोन येतो. दुप्पट जवारी देतो म्हणतो. मागच्या वेळी मी उचलला.

"सोड की आता," तो म्हणाला. "त्या वक्ताला समद्यांनीच एकमेकाला सांभाळून घेतलं."

आत्याबाई शेजारीच बसली होती. कुणाचा फोन म्हणून तिनं मान वळवून उजवा डोळा माझ्याकडं केला, कारण डाव्यानं तिला दिसत नाही. मी तिला नाव सांगितलं. मी फोन बंद केला.

आमची वाघर आता सगळ्यांत आधी कमलबाईच्या वस्तीच्या जमिनीच्या तुकड्यांत लागते. वाटेत त्याचं आठ एकर रान लागतं. तिथनं जाताना मी पुढं चालते, नवरा मागं, आणि आम्ही मेंढरं पळवतच नेतो. तो माफी मागायला आला तरी नाही. मी जिवंत आहे तोवर त्याच्या रानात आमची एक लेंडी पडणार नाही.