चघळलेली चिंधी

काल जिन्यात गुडघा खरचटला, त्यावर टिंक्चर आयोडीन लावलं, आणि त्या वासानं मला नव्वदच्या दशकातल्या, सुरतजवळच्या उधन्याच्या कापडगिरणीत नेऊन उभं केलं. सुती कापडावरची पिठाची खळ काढायला आम्ही कोमट पाण्यात एंझाइम घालायचो, पण आमचा डाइंग मास्टर, माझा हाडवैरी, ते पाणी खदखदा उकळायचा. एक दिवस कापडावर तपासायला टाकलेला टिंक्चरचा थेंब निळा पडला, म्हणजे खळ तशीच होती. मास्टर मालकाला म्हणाला, "या खानदेश्यानं एंझाइमची पावडर कमी घातली, शेठ. हाकला याला." मी म्हणालो, "उकळलं की एंझाइम मरतं." मास्टर म्हणाला, "मग बाराव्याला बोलव." थुंकीतही तसलंच एंझाइम असतं, म्हणून मी खळीची एक चिंधी शेठच्या टेबलासमोर उभा राहून दहा मिनिटं चघळली आणि दुसरी माझ्याच उकळून गार केलेल्या थुंकीत भिजवली. दोन्हींवर टिंक्चर टाकलं. चघळलेली पिवळसरच राहिली, दुसरी गर्द निळी झाली. शेठ नाक दाबून म्हणाले, "मास्टर, उद्यापासून पाणी तापवायच्या वाफेचा व्हॉल्व्ह याच्या हातात." पुढे वर्षभर मास्टर मला बघून नुसता थुंकायचा. माझ्या तोंडाला मात्र टिंक्चरच्या वासानं अजूनही पाणी सुटतं.