अठ्ठ्याहत्तर हजेऱ्या

एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये मच्छिंद्र बारा वर्षं भट्टीपुढं उभा होता. एवढ्या वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही. पगारातून दरमहा कामगार विम्याची कपात व्हायची, तिला तो ‘लोकांच्या दुखण्याची भिशी’ म्हणायचा. हिच्यात आपला नंबर काही लागत नाही, ही त्याची कायमची तक्रार. या जानेवारीत लागला. फुप्फुसात पाणी झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने भट्टीचं तोंड बघायचं नाही म्हणून बजावलं.

विम्याचा नियम असा, की एप्रिल ते सप्टेंबरात अठ्ठ्याहत्तर हजेऱ्या भरल्या असतील तर जानेवारीनंतरच्या आजारपणात घरी बसून सत्तर टक्के पगार मिळतो. बायकोनं, दैवशालानं, कागदांची पिशवी दिली आणि इस्त्रीचा सदराही घालायला लावला. आजारी दिसायला जायचंय की नवरदेव, असं त्यानं विचारून घेतलं.

बरोबरचा कामगार बबलू त्याला मोटारसायकलवर विमा कार्यालयात घेऊन गेला. खिडकीतल्या बाबूनं संगणकात बघितलं. हजेऱ्या चौऱ्याहत्तर.

उरलेल्या चार कुठं गेल्या हे मच्छिंद्रला पक्कं ठाऊक होतं. त्या बबलूच्या नावावर होत्या. मंदीमुळं मिल महिन्यातले निम्मेच दिवस चालायची, म्हणून रीतच पडली होती, ज्याच्या हजेऱ्या कमी पडतील त्याच्या नावावर दुसऱ्यानं पाळी करायची. मुकादमाला माणसं भरली की झालं. ऑगस्टमध्ये बबलूची लेक आकांक्षा काळजाला भोक म्हणून दवाखान्यात होती, अन् बबलू तिच्या उशाशी. तेव्हा मच्छिंद्रनं चार पाळ्या त्याच्या नावावर केल्या. आपल्या हजेऱ्या सप्टेंबरात भरून काढू, असा बेत. सप्टेंबरात मालाला मागणी नाही म्हणून भट्टीच विझली.

बबलू घसा खाकरून पुढं सरकला. पण खरं सांगितलं तर त्याच्या हजेऱ्या खोट्या ठरणार, अन् आकांक्षाचं फेब्रुवारीतलं ऑपरेशन विम्यातून होणार नाही. मच्छिंद्रनं त्याच्या हातात आधार कार्ड कोंबलं.

“बबल्या, जाय, याची झेरॉक्स आण. दोन आण.”

तो गेल्यावर बाबूनं विचारलं, “चारच दिवस कमी पडलेत. कुठं होतात?”

“शहागडला गेल्तो, साहेब. सासुरवाडीला. जेवायला.”

चार दिवस काय जेवत होता, असं बाबू पुटपुटला. वाईट त्यालाही वाटलं असावं. मच्छिंद्र हसायला गेला आणि त्याला खोकला लागला. तो थांबेपर्यंत बाबूनं पुढच्या माणसाचे कागद हातात घेतले होते.

परतताना बबलू खड्डे चुकवत सायकलच्या चालीनं गाडी चालवत होता.

“मच्छिंद्रभाऊ, मी जाऊन सांगून टाकतो. पोरीचं मी बघतो कसंबी.”

“तू रस्ता बघ.” एवढ्यानंही मच्छिंद्रला धाप लागली. “मुकादमाला फोन लाव. सोमवारपासून येऊन राह्यलो म्हणाव.”

बबलूनं गाडी कडेला घेतली. फोन लावला. मुकादम दोनदा हॅलो म्हणाला. मच्छिंद्रनंच मागून हात पुढं करून फोन घेतला.