चार बोल्टांवरची पांढरी रेघ

माझ्या जोडीदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळे गेली. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली आणि तरीही ते अर्धंच आहे. बोटं गेली ती माझ्या आळसानं. त्यानंतर मी जे केलं ते मात्र समजून-उमजून केलं.

मी लोखंडी शेड उभारणारा माणूस. आधी खांब उभे करायचे, मग क्रेननं राफ्टर, म्हणजे छपराची तुळई, वर न्यायची आणि दोन्ही टोकांना खांबांशी बोल्टनं जोडायची. शिरवळला एका कारखान्याच्या शेडचं काम चाललं होतं. माझा जोडीदार कराडचा. राफ्टरच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. सहा वर्षं असंच.

आमच्या गँगची एक रीत होती. बोल्ट पुरता आवळला की आवळणाऱ्यानं बोल्टच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत आपल्या रंगाची रेघ ओढायची. माझी पांढरी, त्याची पिवळी. रेघ दिसली की दुसऱ्यानं पाना लावून बघायचं नाही. ती रेघ म्हणजे त्या माणसाचा शब्द. दोन्ही टोकांना रेघा दिसल्या की क्रेनचा पट्टा सोडायचा.

त्या दिवशी मी माझ्या टोकाचे चार बोल्ट भोकांत घातले, नट हातानंच दोन-दोन आटे फिरवले. मोठा पाना शेजारच्या खांबावरच्या माणसांनी नेला होता. खिशात मार्कर होता. वारा इतका की डोळे उघडे ठेवणं अवघड. मनात म्हटलं, पाना आला की आवळायचेच आहेत, रेघा आत्ताच ओढून टाकू. ओढल्या. खालून चहाची हाक आली तसा शिडीनं उतरलो.

तो आपलं टोक आवळून राफ्टरवरून सरकत माझ्या टोकाला आला. माझ्या चार पांढऱ्या रेघा त्यानं पाहिल्या. मग पट्टा काढला आणि क्रेनवाल्याला हात केला. क्रेन बाजूला झाली, राफ्टरला हिसका बसला, नटांचे आटे सुटले आणि टोक हातभर खाली घसरलं. सेफ्टी बेल्टनं त्याला वर धरून ठेवलं, पण त्याचा उजवा हात खांब आणि राफ्टरच्या मधे सापडला होता.

आम्ही चौघांनी त्याला खाली आणलं, गाडीत घातलं. गाडी गेली. राफ्टर लटकत होता, तो परत क्रेनला बांधायला हवा होता. मी म्हटलं, "मी चढतो." सगळ्यांना वाटलं, जोडीदारासाठी जिवावर उदार झालाय. मी वर गेलो, पट्टा बांधला आणि कमरेच्या डिझेलच्या फडक्यानं चारही रेघा पुसल्या.

चौकशीत तो सांगत राहिला, "रेघा व्हत्या. मी सोता बघितल्या." कुणी तरी वर जाऊन पाहिलं, रेघा नव्हत्या. मला विचारलं. मी म्हणालो, "मी आवळलेच नव्हते, तर रेघ कशी ओढीन?" तो माझ्याकडे बघत राहिला. पुढे त्याचं बोलणं बदललं. "उन्हानं चमकलं आसंल. मला वाटलं आसंल."

तो या कामातून गेला, मी फोरमन झालो. सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेचं चार शब्दांत सांगावं लागतं. मी काय सांगत होतो? "रेघ बघितल्याशिवाय पट्टा सोडू नका. न्हाईतर त्या कराडच्या मिस्त्रीगत व्हईल." माणसं हसायची. कुणी चुकलं की म्हणायची, "काय रं, कराडचं डोळं बसवलं का?"

यंदा मी घराला फाटक करायचं ठरवलं. त्यानं कराडात ग्रील-फाटकाचं छोटं दुकान टाकलं आहे, तर काम त्यालाच द्यावं म्हटलं. तेवढ्यानं मन हलकं होईल अशी माझी समजूत होती. तो बायकोला घेऊन माप घ्यायला आला. त्यानं टेप धरली, आकडा वाचला आणि तिला म्हणाला, "तू वाच." तिनं वाचला. त्यानं परत वाचला. मग मला म्हणाला, "गड्या, तूबी एकदा बघ."

मी हसून म्हटलं, "तीन माणसं लागत्यात व्हय रं एका मापाला?"

"लागत्यात. त्या दिवसापासनं माज्या डोळ्यांवर माजा भरवसा न्हाई."

त्याची बायको टेप गुंडाळत म्हणाली, "मीठ टाकलेलंबी दोनदा विचारतात, भावजी, तुमीच सांगा आता यांना."

बोटं मी परत देऊ शकत नव्हतो. डोळे देऊ शकत होतो. त्या क्षणी ठरलं, आणि एकदा ठरल्यावर मी ते मागे ढकललं नाही. आधी कुठं सांगायचं तेही ठरवलं. त्याला एकट्याला गाठून सांगितलं असतं तर ते दोघांतच राहिलं असतं, आणि त्याचं नाव तर मी सगळ्यांसमोर घालवलं होतं.

सोमवारी आटपाडीजवळच्या साइटवर माणसं उभी राहिली. मी रेघांचं सांगितलं. मार्कर, चहा, डिझेलचं फडकं, सगळं. कुणी हसलं नाही. माझ्याबरोबर शिरवळला असलेला एक जुना फिटर तेवढा बोलला, "आन आमी नऊ वरसं त्येला हसलो व्हय रं?" ठेकेदारानं दुपारी फोन केला, "कशाला उकरून काढता आता?" मी म्हटलं, "फोरमन दुसरा बघा. मी पाना धरतो." तेव्हापासून पानाच धरतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुन्या फिटरला बरोबर घेऊन कराडला गेलो. दुकानात तो माझ्याच फाटकाच्या पट्ट्या मांडत होता. बायको टेप घेऊन शेजारी. त्यानं स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

"रेघा व्हत्या," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. "कसल्या?"

"शिरवळच्या. चारी बोल्टांवर. मी न आवळताच ओढल्या व्हत्या."

त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्यानं फिटरकडे पाहिलं. फिटरनं मान हलवली. "काल समद्यांफुडं सांगितलंय त्यानं."

"मग गेल्या कुटं?"

"तुला गाडीत घातल्यावर मी वर गेलो. फडक्यानं पुसल्या."

"परत सांग," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. माप दोनदा वाचून घ्यावं, तसं त्यानं ते मागितलं. "हिच्याम्होरं सांग."

मी त्याच्या बायकोकडे वळलो, मग परत त्याच्याकडे.

"रेघा व्हत्या. तू बघितल्या त्या खऱ्या व्हत्या. तुज्या डोळ्यांची चूक न्हवती, कवाच न्हवती. खोटा मी व्हतो. मला माफ कर."